परक्या मेमरीतली चार अक्षरं

परीक्षा मंडळाच्या संगणक विभागात त्याला सगळे ‘भिंग’ म्हणत. एखादा प्रोग्रॅम मधेच कोसळला, की मेनफ्रेम, म्हणजे मंडळाचं ते मोठं संगणकयंत्र, त्या क्षणी मेमरीत जे काही असेल ते सगळं कागदावर ओकायचं. त्या छापील गठ्ठ्याला डंप म्हणायचे. चारशे-पाचशे पानं, आणि पानभर मुंग्यांच्या रांगा लागाव्यात तसे आकडे. बाकीच्यांना तो गठ्ठा बघूनच घाम फुटायचा. हा मात्र खिशातून एक जुनं भिंग काढायचा, पानांवर वाकायचा आणि अर्ध्या तासात कोणाचं काय चुकलं ते सांगून मोकळा व्हायचा. त्याचं म्हणणं कोणी पुन्हा तपासून बघत नसे. भिंग म्हणाला म्हणजे संपलंच.

मंडळ सुतारकामापासून घड्याळदुरुस्तीपर्यंत नाना कामांच्या परीक्षा घ्यायचं. निकाल तयार करणारा प्रोग्रॅम एका बाईंनी एकटीने लिहिलेला होता. त्यांना सगळे निकालवाल्या बाई म्हणत. भिंगाच्याच वयाच्या, नोकरीला त्याच्या तीन महिने आधी लागलेल्या. बोलणं मोजकं, पण डोकं असं की विषयाचा कोड नुसता सांगायचा अवकाश, बाई पानसुद्धा न उलटता सांगायच्या, “पासिंग चाळीस. तोंडी परीक्षेला वेगळे.” विषयवार पासिंगचे हे आकडे प्रोग्रॅममधल्या एका यादीत ओळीने मांडलेले होते; तिला टेबल म्हणत. विभागप्रमुख निवृत्त व्हायला आले होते आणि त्यांच्या खुर्चीवर बाईच बसणार हे जवळजवळ ठरलं होतं.

भिंगाला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. निदान तो स्वतःला तसं सांगायचा. त्याचं मन वेगळ्याच कामात गुंतलं होतं.

मेनफ्रेमवर एका वेळी पन्नास-साठ प्रोग्रॅम चालत. प्रत्येकाला यंत्र स्वतःची वेगळी मेमरी द्यायचं, तिला अ‍ॅड्रेस स्पेस म्हणत. प्रत्येकीतले पत्ते शून्यापासूनच सुरू व्हायचे, त्यामुळे पाच हजार नंबरचा पत्ता माझ्याकडेही असणार आणि तुमच्याकडेही, पण जागा दोन निरनिराळ्या. मधे भिंत. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावता येत नसे. प्रयत्न केला तर यंत्र तिथल्या तिथे कान धरून बाहेर काढायचं. फक्त यंत्राची देखभाल करणाऱ्या दोघा-तिघांना खास परवाना असायचा. त्यांचा प्रोग्रॅम घटकाभर दुसऱ्याच्या मेमरीकडे तोंड वळवू शकायचा, तिथलं वाचू शकायचा, मनात आलं तर लिहूही शकायचा. काम झालं की एक सूचना देऊन पुन्हा आपल्या मेमरीकडे वळायचं, एवढं मात्र कटाक्षाने करायचं.

भिंगाने सहा महिने खपून असा एक प्रोग्रॅम लिहिला होता. दर पाच मिनिटांनी तो प्रत्येकाच्या मेमरीत डोकवायचा आणि कोण किती काम करतंय, कोण यंत्र अडवून बसलंय याचा तक्ता तयार करायचा. साहेब खूश झाले. वरच्या मजल्यावरची मंडळी बघायला आली. तक्त्यासाठी प्रोग्रॅमने स्वतःची जागा राखून ठेवली होती आणि दर फेरीला तिच्या सुरुवातीला तो एक खूण लिहायचा, म्हणजे डंपमध्ये ती जागा चटकन सापडावी. अशी खूण सगळेच ठेवतात. कोणी विभागाचं नाव टाकतं, कोणी तारीख. भिंगाने आपल्या सात वर्षांच्या मुलीचं लाडकं नाव टाकलं होतं, चिऊ. इंग्रजीत चार अक्षरं: सी, एच, आय, यू. अक्षरामागे मेमरीत एक बाइट, म्हणजे चार बाइट.

त्या वर्षीचा निकाल सोमवारी दुपारी छापला आणि मंगळवारी सकाळी फाटकावर लागला. अकराच्या सुमाराला घड्याळदुरुस्तीचे एक मास्तर थेट संगणक विभागात घुसले. हातात गुणपत्रिका, आवाज चढलेला.

“शंभरपैकी एक्क्याण्णव, आणि शेरा काय? नापास! अहो, माझा अख्खा वर्ग नापास केलात तुम्ही. पास व्हायला पोरांनी मार्क आणायचे तरी किती?”

बाईंनी गुणपत्रिका हातात घेतली आणि त्यांचा चेहरा पडला. घड्याळदुरुस्ती, पुस्तकबांधणी, काचकाम आणि वेतकाम हे चार विषय यादीत एकापाठोपाठ एक येत. चारही विषयांत मिळून तीनशे बारा उमेदवार, आणि झाडून सगळे नापास. हजारोंच्या निकालात ते तीनशे छपाईपूर्वीच्या तपासणीत कोणाच्या नजरेला आले नव्हते.

बाईंनी त्याच दिवशी निकाल पुन्हा चालवला. प्रोग्रॅम तोच, मार्कही तेच. या खेपेला निकाल बरोबर आला.

आणि तिथेच बाई अडकल्या. दुसऱ्यांदा निकाल चुकीचा आला असता, तर ती साधी चूक ठरली असती. चुका कोणाच्या होत नाहीत? पण तोच प्रोग्रॅम काल चुकतो आणि आज बरोबर चालतो म्हणजे काय? लोकांनी आपापसात उत्तर काढलं: बाईंनी गुपचूप दुरुस्ती केली आणि आता मी नाही त्यातली म्हणतायत.

चौकशीला तिघेजण बसले, त्यात भिंगही होता. साहेबांनी बाईंना विचारलं, “पासिंगचं टेबल तुम्ही बदललंत का?”

“नाही साहेब. मी हात लावलेला नाही.”

“मग आपोआप बदललं?”

“ते मला माहीत नाही. पण त्या वेळी मेमरीत त्या चार विषयांचं पासिंग अठ्ठ्याण्णवच्या वर असलं पाहिजे, कारण अठ्ठ्याण्णववालासुद्धा नापास झालाय. माझ्या टेबलात असला आकडाच नाही. तो बाहेरून आला असणार.”

साहेब भिंगाकडे वळले. “येऊ शकतो का बाहेरून?”

“नाही,” भिंग म्हणाला. “एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीत शिरताच येत नाही. यंत्र शिरूच देत नाही.”

हे बोलताना त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. एवढं त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याच्या डोळ्यांपुढे सर्वसाधारण प्रोग्रॅम होते. आपला स्वतःचा परवानावाला प्रोग्रॅम त्याने त्यात धरलाच नव्हता. बाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि समोरचे कागद आवरायला घेतले. भिंग म्हणाला म्हणजे संपलंच, हे त्यांनाही ठाऊक होतं.

बुधवारी जेवणानंतर ऑपरेटरने त्याच्या टेबलावर एक गठ्ठा आणून टाकला. “साहेब, सोमवारी दुपारी तुमचा प्रोग्रॅम पडला होता. डंप घ्यायचा राहिलाय तुमचा.”

सोमवारी दुपारी. भिंगाने खुर्ची पुढे ओढली. त्याचा प्रोग्रॅम पडला होता तो निकालाच्या मेमरीत डोकावून परतताना, त्यामुळे डंपमध्ये दोन्ही मेमऱ्या छापल्या होत्या, त्याची आणि बाईंची. तो पानं उलटत गेला. बाईंचं पासिंगचं टेबल आलं. चाळीस, चाळीस, पस्तीस, चाळीस… आणि मधेच चार भलतेच आकडे. त्याने नजर उजवीकडे नेली, जिथे तेच आकडे अक्षरांच्या रूपात छापलेले असतात.

सी, एच, आय, यू.

त्याने भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा बघितलं. त्याच्या लेकीचं नाव बाईंच्या टेबलात बसलं होतं.

पुढचं कळायला त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. निकालाच्या मेमरीत त्याला हवी ती नोंद त्या क्षणी सापडली नव्हती. असं झालं तर काय करायचं यासाठी त्याने एक आडवाट लिहून ठेवली होती, आणि त्या आडवाटेवर आपल्या मेमरीकडे परत वळायची सूचना घालायला तो विसरला होता. एक ओळ. पत्ता स्वतःच्याच जागेचा, पण तोंड अजून परक्या मेमरीकडे, म्हणून खूण पडली ती त्याच नंबरच्या परक्या पत्त्यावर. पुढच्याच सूचनेला प्रोग्रॅम कोसळला. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि परवाना असल्यामुळे यंत्राने हूं की चूं केलं नव्हतं. मंगळवारी निकाल पुन्हा चालवताना टेबल मेमरीत नव्याने भरलं गेलं, म्हणून तो बरोबर आला.

साहेबांची खोली त्याच्या टेबलापासून वीस पावलांवर होती. तो उठला, दारापर्यंत गेला. आत साहेब फोनवर हसत होते. “हो हो, तो तक्ता आमच्या भिंगाचाच. भारी माणूस आहे.” भिंग दारातून मागे फिरला.

उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. त्या दुपारी त्याने ती राहिलेली ओळ प्रोग्रॅममध्ये घातली आणि गठ्ठा रद्दीच्या पेटीत टाकला. वरून दोन-चार जुने गठ्ठे रचले.

शुक्रवारी चौकशीचा अहवाल आला. ‘टेबलात मानवी हस्तक्षेप झाला असावा.’ खाली तीन सह्या. तिसरी सही करायला त्याने इतका वेळ लावला की साहेब म्हणाले, “अहो, वाईट मलाही वाटतंय. पण करणार काय?”

बाईंना उत्तरपत्रिकांच्या भांडारात पाठवलं. गठ्ठे मोजायचे, चिठ्ठ्या लावायच्या, कपाटांना कुलपं घालायची. साहेबांच्या खुर्चीवर बाहेरून कोणीतरी आलं.

घरी त्याने कोणालाच काही सांगितलं नाही. पण एक गोष्ट त्याच्या हातून आपोआप सुटली. मुलीला चिऊ म्हणून हाक मारायला तोंड उघडलं की जीभ अडायची. तो तिला ‘बाळ’ म्हणायला लागला, मग नुसतंच ‘अगं’. दोन-तीन महिन्यांनी पोरीने विचारलंच, “बाबा, तुम्ही माझ्यावर रागावलात का?”

“नाही गं. का?”

“आई मला चिऊ म्हणते, मावशी म्हणते. तुम्हीच म्हणत नाही.”

“तू आता मोठी झालीस ना,” तो म्हणाला आणि पेपर तोंडासमोर धरला. बायकोने स्वयंपाकघरातून बाहेर येऊन त्याच्याकडे नुसतं बघितलं. तिने विचारलं असतं तर कदाचित त्याने सांगितलंही असतं. तिने विचारलं नाही.

वर्षांमागून वर्षं गेली. त्याला बढती मिळाली. नव्या लोकांना तो परक्या मेमरीत कसं जायचं ते शिकवायचा, आणि परत कसं यायचं ते शिकवताना इतका घसा ताणायचा की मुलं एकमेकांकडे बघून हसायची. बाईंशी गाठ पडू नये म्हणून तो भांडाराच्या बाजूचा जिना टाळायचा. तरी कधीमधी दिसायच्याच. एकदा त्याने त्यांना गठ्ठा मोजताना पाहिलं. मोजला, चिठ्ठी लावली, चिठ्ठी काढली, पुन्हा मोजला. परत एकदा मोजला. कुलूप लावून चार पावलं गेल्या, मागे येऊन कुलूप ओढून बघितलं. पानसुद्धा न उलटता शेकडो विषयांचं पासिंग सांगणाऱ्या बाई! भिंग आल्या पावली परत गेला.

एकशे पंचाण्णवच्या आसपासचा कुठलाही आकडा त्याला सहन व्हायचा नाही, कारण ‘सी’ हे अक्षर त्या यंत्रात एकशे पंचाण्णव म्हणून लिहिलं जायचं. आणि त्या सोमवारी घड्याळवाल्या पोरांना पास व्हायला शंभरपैकी तेवढेच मार्क लागणार होते.

अकरा वर्षांनी, एका साध्या मंगळवारी, कँटीनमध्ये चहाची रांग होती. बाई पुढे होत्या, भिंग चार माणसं मागे. छपाईतला एक गप्पिष्ट माणूस मोठ्याने म्हणाला, “बाई, यंदा पासिंग किती ठेवताय? शंभरात दीडशे?” हा विनोद इतका जुना होता की नव्या मुलांनाही त्यामागची गोष्ट माहीत होती. रांग हसली. भिंगही हसला. सगळे हसले म्हणून हसला, तोंड आपसूक उघडलं.

बाईसुद्धा हसल्या. “काय करणार बाबा,” त्या म्हणाल्या, “माझं डोकंच मेलं धड नाही.”

भिंगाच्या हातातला रिकामा कप तसाच राहिला. आपण हसलो हे त्याला कानात ऐकू येत होतं. चहा न घेता तो बाहेर आला, स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि आरशात बघायचं धाडस काही झालं नाही. तासाभराने तो भांडारात गेला.

बाई स्टुलावर बसून चिठ्ठ्या लिहीत होत्या. “काय हवंय?”

“सांगायचंय,” तो म्हणाला. “टेबल तुम्ही बदललं नव्हतंत. माझ्या प्रोग्रॅमने बदललं. मला तेव्हाच कळलं होतं. त्याच बुधवारी.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्याला वाटलं होतं त्या ओरडतील, निदान रडतील. त्यांनी विचारलं, “किती बाइट?”

“चार.”

“सलग?”

“हो.”

“काय होतं त्यात?”

त्याने सांगितलं. बाईंनी चिठ्ठीच्या मागे चार आकडे लिहिले: एकशे पंचाण्णव, दोनशे, दोनशे एक, दोनशे अठ्ठावीस. अक्षरांचे आकडे त्यांना अजून तोंडपाठ होते.

“मी सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “अठ्ठ्याण्णवच्या वर.”

“हो.”

“बाहेरून आलाय, असंही मीच म्हणाले होते.”

“हो बाई.”

“पहिली तीन वर्षं मला पक्कं ठाऊक होतं की मी हात लावला नाही. मग वाटायला लागलं, लावला असेल आणि विसरले असेन. भिंग म्हणतोय म्हणजे काहीतरी असेलच ना? डॉक्टरकडे गेले मी. म्हटलं, मी कामं करते आणि मला आठवत नाहीत, असं होतं का हो? गोळ्या दिल्या त्यांनी. दोन वर्षं घेतल्या.” त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. “घरी दूध उतू गेलं तरी मुलगा म्हणायचा, आई विसरली असेल.”

भिंग म्हणाला, “मला माफ…”

“थांबा. ते नको मला. लिहून द्या. सगळं, तारखेसकट. आणि माझ्यासमोर रडू नका हो, मला काम आहे.”

त्याने त्याच दिवशी दोन पानं लिहिली. नवे साहेब ती वाचून वैतागले. “अहो, अकरा वर्षं झाली. फाइलसुद्धा सापडायची नाही. बाई तीन महिन्यांत रिटायर होतायत. कशाला उकरून काढताय?” भिंगाने काही ऐकलं नाही. महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर तो उभा राहिला आणि कागद वाचून दाखवला. गठ्ठा रद्दीत टाकला तो भागही त्याने गाळला नाही. मग कोणीतरी म्हणालं, “असं कबूल करायला छाती लागते.” दुसऱ्याने मान हलवली. बाहेर पडताना तिघांनी त्याचा हात हातात घेतला. त्याला वाटलं, यापेक्षा कोणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “मला वाटायचं बाहेर कोणी आहे तुमचं. हे त्यापेक्षा वाईट आहे.” मुलगी आता अठरा वर्षांची होती. ती उठून आत गेली, आणि आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

बाईंच्या नोंदीतला शेरा एका ओळीच्या पत्राने रद्द झाला. उरलेले दिवस पुन्हा संगणक विभागात बसा, असं साहेबांनी त्यांना सुचवलं. बाई नको म्हणाल्या. एक दिवस मात्र त्या आल्या आणि आपल्या जुन्या प्रोग्रॅमची छापील प्रत मागितली. खिडकीजवळच्या टेबलावर बसून त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा प्रोग्रॅम वाचला. बोट ओळीओळीवर फिरत होतं. साडेचार तास. शेवटचं पान उलटून त्या स्वतःशीच म्हणाल्या, “बरोबर आहे.” प्रत पिशवीत घातली आणि कोणाशी न बोलता निघून गेल्या. भिंग तेव्हा समोरच्याच टेबलावर होता. मान वर करायची त्याची हिंमत झाली नाही.

निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी बाई स्वतः टेबलाटेबलावर फिरून बोलावणं करत होत्या. करत करत त्याच्यापाशी आल्या. तो उठून उभा राहिला.

“उद्या चारला आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही येऊ नका.”

त्याने मान हलवली.

“राग म्हणून नाही सांगत. म्हणजे राग आहेच. पण तुम्ही आलात की सगळे तुमच्याबद्दलच बोलत बसतील. केवढा सच्चा माणूस, किती मोठं मन. उद्याचा दिवस माझा आहे.”

“बरोबर आहे, बाई,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सगळा विभाग शेजारच्या दिवाणखान्यासारख्या मोठ्या खोलीत जमला. भिंग एकटा आपल्या जागेवर बसून राहिला. भिंतीपलीकडून भाषणांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग बाई बोलायला उभ्या राहिल्या असाव्यात, कारण सगळं एकदम शांत झालं. त्या बराच वेळ बोलल्या. शेवटी टाळ्या झाल्या, थांबल्या आणि पुन्हा झाल्या. टाळ्या वाजवण्यासाठी त्याचेही हात टेबलावरून उचलले गेले होते. ते त्याने तसेच खाली ठेवले.